काजवे नक्की कुठे चमकले?

पोस्ट लांब झाली आहे, आधीच सांगतो. पण ज्यांच्या घरात दहावी-बारावीचं किंवा नीटचं पोर आहे, त्यांनी तरी पूर्ण वाचा. बाकीच्यांनी सवडीने.

मागच्या आठवड्यात शेजारच्या वहिनी मोबाईल घेऊन आल्या. "भाऊजी, तुम्ही पेपरवाले, तुम्हाला माहीत असेल. हे घ्यावं का?" मोबाईलवर जाहिरात होती. एक मुलगा, डोक्याला प्लास्टिकची पट्टी, पट्टीतून निळा उजेड, पुढ्यात जाडजूड पुस्तक. खाली लिहिलेलं, सौम्य करंटने मेंदू जागृत करा, एकाग्रता वाढवा, जर्मन संशोधनावर आधारित. किंमत 18 हजार, हप्त्यानेही मिळेल. वहिनींचा मुलगा बारावीला आहे, मागच्या दोन टेस्टमध्ये मार्क घसरलेत. घरात काय वातावरण असेल ते तुम्हाला सांगायला नको. त्यांचा प्रश्न एकच होता, हे जर्मन संशोधन खरं का खोटं?

जाहिरातीतल्या नंबरवर मीच फोन लावला. पलीकडचा पोरगा तयारीचा होता. म्हणाला, "सर, डेमो बघा ना. पट्टी लावून चालू केली की डोळ्यापुढे लाईट चमकते. ब्रेन ॲक्टिव्ह झाल्याचं तेच प्रूफ."

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. चार दिवस त्याच्यामागे लागलो, जे जे मिळालं ते वाचलं, न कळलेलं दोन डॉक्टर मित्रांकडून समजून घेतलं. मी काही सायन्सचा माणूस नाही, त्यामुळे कुठे चुकलो असेन तर जाणकारांनी कान धरावा.

तर पहिली गोष्ट, जर्मन संशोधन खरं आहे. आणि गोची तिथेच आहे. खोटं असतं तर एका वाक्यात विषय संपला असता.

जर्मनीत ग्योटिंगेन नावाचं जुनं विद्यापीठाचं गाव आहे. तिथल्या मायकेल नित्शे आणि वॉल्टर पाउलुस या दोघांनी 2000 साली दाखवलं की मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर ठेवून त्यातून अगदी बारीक करंट सोडला, तर हात हलवणाऱ्या मेंदूच्या भागाची तयारी थोडी वाढते किंवा कमी होते. करंट किती, तर सुमारे 1 मिलीअँपिअर. तुमचा मोबाईलचा साधा चार्जर 1-2 अँपिअर देतो, त्याच्या हजारावा भाग धरा. कवटी उघडायची नाही, सुई टोचायची नाही. डोक्याला थोडी मुंगी आल्यासारखं होतं, बास.

पुढच्याच वर्षी तिथल्याच आंद्रेआ अंताल यांनी हे स्पंज डोक्याच्या मागच्या बाजूला ठेवले. पाहण्याचं काम करणारा मेंदूचा भाग तिथे असतो, डोळ्यांपासून सगळ्यात लांब. समोर फिकट पट्टे दाखवायचे आणि किती फिकट असेपर्यंत दिसतात ते विचारायचं. करंट एका दिशेने सोडला तेव्हा फिकट पट्टे दिसणं कमी झालं. उलट दिशेने, म्हणजे ज्या दिशेने तयारी वाढायला हवी त्या दिशेने सोडला, तेव्हा फरकच पडला नाही. कमी करता आलं, वाढवता आलं नाही. जाहिरातवाल्याने ग्योटिंगेन उचललं, हे वाक्य तिथेच ठेवलं.

आता कुणी म्हणेल, या शास्त्रज्ञांना दुसरे उद्योग नाहीत का, लोकांच्या डोक्याला वायरी लावतात. मलाही आधी तसंच वाटलं. पण त्यांचा प्रश्न फार मोठा आहे आणि आपल्या मराठीत तो आधीपासून आहे. आपण 'पाहणं' वेगळं म्हणतो आणि 'दिसणं' वेगळं. बाजारात ओळखीचा माणूस समोरून जातो, डोळे त्याच्याकडेच असतात, आणि संध्याकाळी तो तक्रार करतो तेव्हा आपण शपथेवर सांगतो, "अरे, दिसलाच नाहीस." डोळ्यात उजेड तर शिरला होता. मग 'दिसलं' हे कधी घडतं आणि कुठे घडतं?

1989 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये वाहे अमासियन आणि सहकाऱ्यांनी याला हात घातला. त्यांनी डोक्याच्या मागे तारेचं वेटोळं धरलं. त्यात क्षणभर जोरदार करंट सोडला की चुंबकीय झटका बसतो आणि त्याने कवटीच्या आत मेंदूत वीज तयार होते. समोर तीन अक्षरं क्षणभर दाखवायची आणि मग झटका द्यायचा. झटका लगेच दिला तर अक्षरं वाचता येतात. खूप उशिरा दिला तरी वाचता येतात. पण अक्षरं दाखवल्यानंतर साधारण 80 ते 100 मिलीसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास दिला, तर माणूस म्हणतो, काही दिसलं नाही. डोळे शाबूत, अक्षरं डोळ्यात गेलेली, आणि तरी दिसणं पुसलं गेलं.

याच्या पुढची गोष्ट तर अंगावर काटा आणते. 2005 साली अमेरिकेतच टोनी रो यांच्या गटाने असाच झटका देऊन समोरची आकृती 'दिसेनाशी' केली आणि मग लोकांना म्हणाले, दिसलं नाही ना, हरकत नाही, नुसता अंदाज सांगा, रेघ आडवी होती का उभी, रंग कोणता होता. लोकांनी सांगितलेले अंदाज नुसत्या नशिबाने येतील त्यापेक्षा जास्त वेळा बरोबर आले. म्हणजे माहिती आत पोचलेली होती, फक्त त्या माणसाला स्वतःला ती दिसलेली नव्हती.

हे नुसते फोटो काढून कळत नाही. एमआरआय सांगतो की हे बघताना मेंदूचा अमका भाग कामाला लागला. पण तो भाग दिसण्याचं कारण आहे, का नुसता शेजारी गलका करतोय? डीपीवरची कोणती लाईन कुणाच्या घरात जाते हे शोधायला आपला वायरमन काय करतो? एकेक फ्यूज काढतो आणि गल्लीत ओरडून विचारतो, "कुणाची गेली?" मेंदूला बाहेरून वीज देणं हा त्यातलाच प्रकार. म्हणून मला हे संशोधन मोलाचं वाटतं, आणि म्हणूनच त्याच्या नावावर पट्ट्या विकणाऱ्यांचा राग येतो.

आता त्या पोराच्या 'लाईट चमकते' कडे येऊ.

डोक्याला मार बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, हे आपण म्हणतोच. बाहेरून उजेड नसताना दिसणाऱ्या अशा लुकलुकीला शास्त्रात फॉस्फीन म्हणतात. विजेनेही ते चमकतात, आणि हे काल-परवाचं ज्ञान नाही. 1755 साली फ्रान्समध्ये शार्ल ल रॉय नावाच्या डॉक्टरने एका आंधळ्या माणसाच्या डोक्याभोवती तारा गुंडाळून विजेचे झटके दिले होते, दृष्टी परत येईल म्हणून. त्या माणसाला लख्ख उजेड दिसला. दृष्टी मात्र काही आली नाही.

2008 साली र्योता कानाई आणि सहकाऱ्यांनी (पाउलुस आणि अंताल दोघेही त्यात होते) डोक्याच्या मागे एका दिशेचा नाही, तर दिशा पालटत राहणारा बारीक करंट दिला. सेकंदाला किती वेळा पालटायचा ते बदलत गेले. लोकांना लुकलुक दिसली. गंमत अशी की उजेडाच्या खोलीत सेकंदाला साधारण 15-20 वेळा पालटणारा करंट जास्त परिणाम करायचा, आणि अंधाराच्या खोलीत तेच 10-12 वर यायचं. आता हे 10-12 काय आहे? 1929 मध्ये हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने मेंदूतून निघणाऱ्या लहरी पहिल्यांदा छापून दाखवल्या, त्यातली ठळक अल्फा लहर सेकंदाला साधारण दहाच्या आसपास, आणि डोळे मिटले की ती वाढते. अंधार, अल्फा, दहा. सगळं कसं एका सुतात ओवल्यासारखं बसत होतं! मेंदूच्या स्वतःच्या तालात ताल मिसळला की आतून उजेड दिसतो. मी संपादक असतो तर पहिल्या पानावर घेतली असती ही बातमी.

पण लगेच दुसऱ्या संशोधकांनी विचारलं, हे काजवे मेंदूत चमकले कशावरून? डोळ्यातच चमकले नसतील कशावरून?

प्रश्न साधा, पण घाव वर्मी. डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, विजेला फार हळवा असतो. आणि करंट काही आपण सांगू त्या रस्त्याने जात नाही, त्याला सोपा दिसेल त्या रस्त्याने जातो. कवटीचं हाड त्याला अवघड, कातडी सोपी. स्पंज डोक्याच्या मागे असला तरी दुसरा कुठेतरी वर किंवा पुढे असतोच, त्यातला थोडा करंट कातडीवरून ओघळत डोळ्यापर्यंत जाऊ शकतो. तेवढा त्या पडद्याला पुरतो. 2009 मध्ये कास्पार श्विडझिक यांनी ही शंका छापून मांडली. 2010 मध्ये डेनिस श्युटर आणि रुड हॉर्टेन्सियस यांनी स्पंजांची जागा बदलून पाहिलं, तर ते डोळ्यांच्या जवळ असताना लुकलुक जास्त. 2012 मध्ये कोहितिज कर आणि बार्ट क्रेकेलबर्ग यांचा निष्कर्षही तोच, काजवे डोळ्यातले.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. 2010 सालीच पाउलुस यांनी, म्हणजे ज्यांचं नाव त्या मूळ प्रयोगावर आहे त्यांनीच, डोळ्यातले काजवे आणि मेंदूतले काजवे वेगळे काढणं किती अवघड आहे यावर शास्त्राच्या मासिकात लेख लिहिला. कानाई आणि त्यांनी मिळून दुसऱ्या वाटेने पुन्हा तपासलं. काजवे या वेळी चुंबकाच्या झटक्याने थेट मागच्या भागातून काढले, आणि करंटने ते काढणं सोपं होतं का एवढंच मोजलं. सेकंदाला 20 च्या करंटने ते सोपं झालं. म्हणजे मेंदूवर काहीतरी होतं, पण पहिल्या बातमीइतकं चकचकीत नाही.

तर त्या विक्रेत्याच्या पोराचं 'प्रूफ' काय आहे ते लक्षात आलं असेल. पट्टी कपाळावर, डोळ्यांच्या अगदी वर. करंट एकदम चालू किंवा बंद केला की दृष्टिपटल चमकतं. एवढ्यावरून मेंदूत काही झालं असं म्हणता येत नाही. ज्या गोष्टीमुळे प्रयोगशाळेतल्या लोकांची झोप उडाली, तीच गोष्ट हा माणूस पुरावा म्हणून विकतोय.

इथे मला माझीच एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. लाज वाटते, पण सांगतो.

साधारण दहा वर्षांपूर्वी मिडब्रेन ॲक्टिव्हेशनची लाट आली होती, आठवत असेल. मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि ती मुलं वास घेऊन, स्पर्श करून पुस्तक वाचायची, पत्त्यांचे रंग सांगायची. आमच्या गावातही एका क्लासचा कार्यक्रम झाला. मी गेलो. नऊ-दहा वर्षांच्या मुलीने डोळे बांधून माझ्या व्हिजिटिंग कार्डावरचं नाव वाचलं. टाळ्या पडल्या. मी फोटोसकट तीन कॉलम बातमी दिली. त्या पोरीने कार्ड वाचताना मान थोडी वर करून नाकाखाली धरलं होतं, हे मी स्वतः पाहिलं होतं. पाहिलं होतं, पण मला ते दिसलं नाही. पुढे अंनिसच्या कार्यकर्त्यांनी ठिकठिकाणी असे दावे उघडे पाडले. नाकाच्या कडेला पट्टीखाली फट राहते, खेळ तिथून चालतो. फट नीट बुजवली की वाचन बंद.

माझ्या बातमीनंतर त्या क्लासला किती ॲडमिशन झाल्या ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

या दोन गोष्टी शेजारी ठेवा. कानाईच्या प्रयोगातही एक फट होती, करंट डोळ्यात झिरपायची. क्लासच्या खेळातही फट होती, पट्टीखालची. चूक दोन्हीकडे होऊ शकते, मोठमोठ्या विद्यापीठांतही होते. फरक एवढाच की तिथे लोक दिवा घेऊन फट शोधायला निघाले, त्यात मूळ प्रयोग करणारेही होते, आणि सापडलेलं स्वतःच्या नावाने छापलं. आमच्याकडे फट दिसत असताना मी फोटो छापला. म्हणून 'जर्मन संशोधन आहे' किंवा 'मशीन आहे' यावर माझा आता काडीचा भरवसा नाही. फट शोधायला कोण गेलं होतं आणि त्याला पैसे कुणी दिले होते, ते सांगा.

बरं, करंट डोळ्यात नाही तर मेंदूत तरी किती जातो? पाटाच्या पाण्यासारखं आहे हे. हेडला किती सोडलं ते अधिकारी छातीठोक सांगतात, टेलच्या शेतकऱ्याला विचारा किती पोचलं. 2018 साली न्यूयॉर्कचे ग्योर्गी बुझाकी आणि हंगेरीतले त्यांचे सहकारी यांनी मृतदेहांवर मोजलं. डोक्यावर सोडलेल्या करंटपैकी सुमारे 75 टक्के कातडी आणि कवटीतच वाया जातो. उरलेला मेंदूपर्यंत पोचतो, पण तिथे तो इतका क्षीण असतो की त्याने पेशी पेटत नाहीत. त्यातही 2019 मध्ये बेल्जियमच्या लूव्हेनमधल्या गटाने दाखवलं की हाताच्या हालचालींवर या करंटचा दिसणारा काही परिणाम कातडीतल्या नसांमुळेही होऊ शकतो. पुन्हा फटच!

म्हणजे सगळं थोतांड का? नाही, तसंही म्हणून चालणार नाही. 2019 लाच कॅनडात मॅकगिल विद्यापीठातल्या क्रिस्टोफर पॅक यांच्या गटाने माकडांच्या मेंदूतल्या एकेका पेशीचं ऐकलं. बाहेरून तालात करंट दिला तर पेशी जास्त बडबडत नव्हत्या, पण बोलायची वेळ त्या तालाशी जुळवून घेत होत्या. पुढच्या वर्षी त्यांनी कातडीच्या नसा बधिर करूनही तपासलं, ताल तरी जुळलेलाच. म्हणजे क्षीण का होईना, आत काही पोचतं. माझ्यासारख्या माणसाला 'सगळं खरं' किंवा 'सगळं खोटं' अशी बातमी सोपी जाते, हे मधलं लिहायला त्रास होतो.

या बारीक परिणामातूनही सुंदर प्रयोग झालेत. एक तुम्हाला सांगतोच. पडद्यावर एकदाच ठिपका चमकवायचा आणि त्याच वेळी लागोपाठ दोन 'बीप' वाजवायचे. पुष्कळ लोकांना ठिपका दोनदा चमकल्यासारखा दिसतो. कानाने डोळ्याला फसवलं. दोन बीपमधलं अंतर वाढवत नेलं की फसवणूक थांबते. 2015 साली रोबेर्तो चेचेरे, जेरेंट रीस आणि विन्चेन्झो रोमेई यांनी दाखवलं की ज्याची अल्फा लहर संथ, त्याची फसण्याची खिडकी मोठी. आणि त्या माणसाच्या तालापेक्षा थोडा जलद किंवा थोडा संथ करंट मागून दिला, तर खिडकी लहान-मोठी होते. नंतरच्या सगळ्याच मोजण्यांत हे इतकं स्वच्छ आलेलं नाही, वाद चालू आहे. पण प्रश्न बघा ना कसला विचारलाय! आपल्याला 'एक' आणि 'दोन' वेगळे दिसतात ते मेंदूच्या ठोक्यामुळे का?

यात नीटचे मार्क कुठे आले? नाहीच आले. एका सेकंदाच्या दहाव्या भागात एक ठिपका का दोन, एवढंच आहे. तेही प्रत्येकाची लहर आधी मोजून, आणि खोट्या करंटशी तुलना करून. खोटा करंट म्हणजे काय, तर सुरुवातीला थोडे सेकंद द्यायचा, कातडीला मुंगी आली की गुपचूप बंद करायचा. म्हणजे माणसाला वाटतं चालू आहे. अशी तुलना नसेल तर 'मला बरं वाटलं' याला काही किंमत नाही. मी त्या पोराला विचारलं, तुमच्या पट्टीची खोट्या करंटशी तुलना कुणी केली? तो म्हणाला, "सर, आपला माल ओरिजिनल आहे."

धोक्याबद्दल घाबरवणार नाही. प्रयोगशाळेत नियम पाळून दिलेल्या 33 हजारांहून जास्त सत्रांचा आढावा 2016 मध्ये आला, त्यात गंभीर इजा आढळली नव्हती. आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्समध्येही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना ऐकू येणारे भास या करंटने कमी होतात का, यावर डॉक्टर काम करतात. पण तिथे मोजून-मापून, डॉक्टरांसमोर चालतं. घरी रोज, वाटेल तेवढा वेळ, हे वेगळं. त्याच वर्षी या क्षेत्रातल्या संशोधकांनीच घरगुती वापर करणाऱ्यांना उघड पत्र लिहिलं, की परिणाम स्पंजाखालीच थांबत नाही, माणसागणिक बदलतो, आणि एक कुवत वाढवताना दुसरी कमी होऊ शकते. मुलांचं तर आणखी वेगळं. त्यांची डोकी लहान, कवटी पातळ, म्हणून तेवढाच करंट त्यांच्या मेंदूत जास्त पोचतो असं गणिती मॉडेल सांगतात. आणि इथे जाहिरातीत कोण, तर मुलंच.

काल वहिनींना हे सगळं सांगितलं, यापेक्षा सोपं करून. त्या गप्प ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, पहिला हप्ता 3 हजार परवाच भरला." मला न विचारता नाही भरला हो, विचारून झाल्यावर मीच चार दिवस मागितले होते आणि ऑफर दोन दिवसांत संपत होती.

आज सकाळी आम्ही दोघांनी मिळून ऑर्डर रद्द करायचा मेल टाकला. सोबत मी माझ्या नावाने चार ओळींत विचारलंय, की पट्टी 18 वर्षांखालच्या मुलांवर कुठे तपासली, खोट्या करंटशी तुलना कुठे छापली, आणि ते 'जर्मन संशोधन' नेमकं कोणतं. संध्याकाळी तोच पोरगा फोनवर म्हणाला, वरच्यांना विचारून कळवतो. कळवलं की इथेच टाकतो. आणि कुणी ही पट्टी घेतली असेल, हप्ता भरून अडकलं असेल, तर इनबॉक्समध्ये पावतीचा फोटो पाठवा.